उलटा हात

चांद्याजवळच्या कोळशाच्या खाणीत मी स्टोअरबाबू होतो. शेजारच्या वर्कशॉपमध्ये पाणी उपसायच्या अवजड मोटरी जोडून तपासणारा एक माणूस होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. नाव मीही कधी विचारलं नाही.

तो कशालाही आधी तळहात लावत नसे. मोटर असो की दाराची कडी, पहिल्यांदा बोटांची मागची बाजू टेकवायचा. मार्कंड्याच्या जत्रेत तर त्यानं देवाच्या पिंडीलाही उलटाच हात लावला. पुजारी खेकसला.

परतताना बैलगाडीत मी विचारलंच, "मिस्त्री, देवाला तरी सरळ हात लावायचा."

"करंट लागला तं मूठ आवळते, बाबू. मंग माणूस सुटत नाई. उलटा हात झटक्यानं मांगं येते. माह्या जोडीदाराले मीच शिकवलं होतं हे."

"मग?"

"त्या दिवशी मीच म्हटलं, मोटर तपासली, लाव बिनधास्त हात. अर्थिंगची तार जोडाची राह्यली होती माह्याकडून. त्यानं माह्या शब्दावर पुरा पंजा ठेवला."

वरोऱ्याला बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला गेलो. हात पुढे केला. त्यानं माझ्या तळव्यावर बोटांची मागची बाजू टेकवली, आणि मी धरायच्या आत काढून घेतली.

माझी मूठ मिटली ती रिकामीच.