समुद्राकडची भिंत

आमच्या वऱ्हाडात खिडकी म्हणजे कूलर बसवायची जागा. उजेड ही काही मागायची गोष्ट नाही. तो न बोलावता येतो आणि मार्चपासून डोक्यावर बसतो. अकोल्यात, जठारपेठेत, मी वीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढते आहे आणि वीस वर्षं पश्चिमेची भिंत आंधळी ठेवते आहे. तिकडे जिना टाका, मोरी टाका, कोठीची खोली टाका, पण खिडकी नको. दुपारनंतरचं ऊन एकदा घरात शिरलं की लवकर निघायचं नाव घेत नाही.

माझ्या भाच्याला हे कधी पटलं नाही. दादाचा एकुलता एक मुलगा. दर्यापूरच्या कपाशीत वाढला, अमरावतीत शिकला आणि नोकरीला गेला थेट कोकणात, एका बंदराच्या कामावर. तिथं समुद्राच्या असा काही नादी लागला की किनाऱ्याजवळ लहानसा प्लॉटच घेऊन बसला. मग वहीच्या पानावर घर काढून त्याचा फोटो मला पाठवला. चारही भिंतींना खिडक्या, एक तर चक्क कोपऱ्यात. खाली लिहिलेलं, "आत्या, दिवसा लाइट लावायला लागू नये, एवढं बघ."

हे घर आहे की पोपटाचा पिंजरा, असं मी त्याला चिडवलं. नकाशा काढून देते म्हणाले, आणि दिला नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकाला तारखा असतात, घरच्या माणसाला आपण 'बघू' म्हणतो. मी दोन वर्षं बघू म्हणत राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

एका रविवारी तो ओळखीच्या कोळ्यांबरोबर होडीतून गेला. होडी उलटली. दोघं पोहत परत आले. तो आला नाही, आणि पुढेही कधी सापडला नाही. दादा अकरा दिवस त्या वाळूवर बसून होता.

देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. काही महिन्यांनी भटजींनी तसं सुचवलं, दादानं पानंही आणवली. वहिनीनं ती सगळी उचलून गोठ्यात जनावरांपुढे टाकली. पानांचा पोरगा मला नको, एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून दोघांचं बोलणं जेवण वाढण्यापुरतं राहिलं. तीन वर्षं झाली त्याला.

मागच्या वर्षी दादा एसटीनं अकोल्याला आला. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवला. वहीच्या पानाचंच ते चित्र, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेलं. हे घर बांधायचं, तिथंच राहायला जायचं, असं म्हणाला. आणि वहिनी? त्यानं खिडकीकडे पाहत सांगितलं, "ती म्हनते, त्या पान्याचं तोंड मी पायनार नाई." मग तो एकटा जाणार होता. चाळीस वर्षांच्या संसारानंतर. एक घर बांधून मी दुसरं मोडणार, हे मला तेव्हाच दिसलं.

तरी काढायला घेतलं. नाही म्हणायला तोंड कुठं होतं मला?

ते दिवस वाईट गेले. कागदावर पट्टी ठेवली की पाठीमागून कुणीतरी वाकून बघतंय असं वाटायचं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण 'झालं का, आत्या?' हे त्याच्याच आवाजात ऐकू यायचं, आणि मी खरोखर मान वळवायची. शेवटी खुर्ची भिंतीला टेकवून बसायला लागले. पंधरा दिवसांत नकाशा संपवला आणि तिथल्या मिस्त्रींना पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. फार अदबीनं म्हणाले, "बाई, दर्या ह्याच अंगाला आहे, आणि तुम्ही इथं मोरी आणि जिना टाकलाय."

पश्चिमेची भिंत. पूर्वेला, उत्तरेला, दक्षिणेला मी त्याच्या सगळ्या खिडक्या दिल्या होत्या आणि समुद्राकडे कोरी भिंत उभी केली होती. जित्याची खोड, असं हसून म्हणाले खरी, पण म्हणीचा पुढचा अर्धा भाग तोंडातच राहिला. वऱ्हाडी हाताची सवय, हे खरंच. पण त्यात रागही होता, हे कबूल करते. त्या पाण्याला घरात डोकावायला जागा द्यावी असं मला वाटत नव्हतं.

जिना हलवला, मोरी हलवली आणि पश्चिमेला तीन मोठ्या खिडक्या काढल्या. वहिनी कधी आलीच तर, म्हणून स्वयंपाकघर पूर्वेला घेतलं; तिथून फक्त माड दिसले असते. मग नकाशा घेऊन दर्यापूरला गेले.

वहिनी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी भीतभीत कागद पसरला. वाटलं, उठून जाईल. तिनं हात पदराला पुसले आणि पाणी कोणत्या बाजूला आहे ते विचारलं. मी बोट ठेवलं.

"ह्या खिडक्या काहून?"

दादाला दिसावं म्हणून, मी म्हणाले. तिला नको असेल तेव्हा बंद ठेवता येतील, जाड पडदे लावू, तिच्या स्वयंपाकघरातून तर काहीच दिसणार नाही, असं मी भराभर सांगत सुटले. तिनं मला पुरतं बोलू दिलं.

"दार करा इकडे, बाई," ती म्हणाली. "खिडकीतून तो कसा येईन?"

इतके दिवस मी तिला पाण्यापासून वाचवत होते आणि तिला काय हवं होतं ते एकदाही विचारलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी धंद्याचं बोलले. तिकडच्या पावसात लाकूड फुगतं, समुद्रावरच्या वाऱ्यानं दार आपटत राहील, आतून भक्कम कडी लावावी लागेल.

"कडी नोको. वाजू द्या त्याले. घरात मानसं हायेत, हे समजन."

दादा दारात उभा राहून ऐकत होता. आता हा काहीतरी बोलणार, पळसाच्या पानांचा विषय पुन्हा निघणार, या भीतीनं मी कागद गुंडाळायला लागले. तो येऊन वहिनीशेजारी बसला. सुपातल्या मूठभर शेंगा त्यानं पुढ्यात ओढल्या आणि दाराची चौकट किती उंच धरली आहेस, असं मला विचारलं. सात फूट, नेहमीची, मी म्हणाले.

"आनखी अर्धा फूट घे," तो म्हणाला. "इथं येता-जाता कपाळ आपटे त्याचं."

मी सातचे साडेसात केले.