सुनेचा ड्रायव्हर आणि मी

धामणगाव बढ्याच्या मिरची बाजारात मी पंचवीस वर्षं दुभाष्या होतो. शिक्षण दुसरी. पण तेलंगणातला व्यापारी आला की शेतकरी आधी मले शोधत. तेलुगू मी नुसती ऐकून शिकलो. आता व्यापारी मोबाइलवर बोलतात, अन् घरात कौतुक सुनेचं.

ती माडीवर कंप्युटरवर ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम बनवते. बायको गल्लीभर सांगत फिरते. माझं तिनं एवढं कधी सांगितलं नाही. शेवटी मी वर गेलो. "तू करतं काय, बाई?"

"मामाजी, माहितीची कोठारं वेगवेगळ्या कंपन्यांची असतात. प्रश्न एकच, 'पहिले दहा दाखव.' एकाले 'दहा' सुरुवातीले लागते, दुसऱ्याले शेवटी. तारखेची रीतही ज्याची त्याची न्यारी. ड्रायव्हर प्रश्न त्याच्या त्याच्या बोलीत करून देतो. तुमच्यासारखंच."

तुमच्यासारखंच! लयच झोंबलं मले.

"सगळंच फिरवतो का?"

"नाही. प्रश्न लिहिणाऱ्यानं महिरपी कंसात घातलं तेवढंच. बाकी जसंच्या तसं पुढे."

"मंग हा अर्धाच दुभाष्या!"

पुढच्याच आठवड्यात तिच्याकडून प्रश्नातली एक तारीख कंसात घालायची राहिली. एका कोठारानं उत्तर दिलं, दुसरं अडून बसलं. सून जेवण सोडून चूक शोधत राहिली. मले बरं वाटलं, खोटं कशाले लिहू. म्हटलं, "मी असतो तर समजून घेतलं असतं."

"त्यानं मनानं समजून घ्यायचंच नसते, मामाजी. भलतंच उत्तर येईल, अन् कोणाले कळणारही नाही."

जिना उतरताना मले बाजारातली एक गोष्ट आठवली. एकदा एक व्यापारी म्हणाला होता, जमलं तर मंगळवारी येतो. माल घेऊन आलेल्या बाईले मी सांगितलं, मंगळवारी येतो. 'जमलं तर' मी गाळलं. तो नेहमी येतच होता. तिनं ओली मिरची तोडून ठेवली. तो आला नाही, मिरची सडली. बाईनं शिव्या व्यापाऱ्याले दिल्या. मी बाजूले उभा राहून ऐकल्या.

हे सुनेले मी सांगितलं नाही. पण परवा जानेफळचे व्याही आले अन् लेकीचं काम विचारू लागले, तेव्हा तिच्याआधी मीच बोललो. कोठारं सांगितली, 'पहिले दहा'ची गोष्ट सांगितली. सगळंच फिरवतो म्हणणार होतो, पण म्हटलं, "कंसात घातलं तेवढंच."

"बस, एवढंच?" व्याही म्हणाले.

"एवढंच." तिचं काम थोडं लहान दिसलं, तेही मले गोड लागलं.

सून चहा देत म्हणाली, "बरोबर सांगितलं मामाजीनं."

पंचवीस वर्षांत मले असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणणार कोण? त्या बाजारात दोन्ही भाषा येणारा मी एकटाच होतो.