दुसरा पुरावा

काका बोलताना दोन बोटं वर करायचे. समोरच्याने काही ठाम सांगितलं की उजव्या हाताची दोन बोटं वर, आणि ठरलेलं वाक्य: "एक पुरावा म्हणजे अफवा. दुसरा कुठाय?" तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. बस उशिरा येणार आहे म्हटलं तरी त्याची खात्री पटत नाही, स्टॉपवरचा बोर्ड स्वतः वाचून येतो आणि मगच बसतो.

मी इंग्लंडात, लेस्टरला जुन्या कागदपत्रांच्या ऑफिसात काउंटरवर असते. चर्चची रजिस्टरं, गावागावांच्या वह्या, मृत्युपत्रं. लोक येतात आणि आपले खापरपणजे शोधतात. वाचनखोलीत पेन न्यायला बंदी, फक्त पेन्सिल चालते. काका पहिल्यांदा आले तेव्हा शर्टाच्या खिशातली तीन पेनं एकेक करून लॉकरमध्ये ठेवताना त्यांचा चेहरा इतका पडला की मी माझी पेन्सिल त्यांना देऊन टाकली. ती काही परत आली नाही.

छातीवरच्या बिल्ल्यावरचं माझं नाव वाचून त्यांनी मराठीतच सुरुवात केली. आपल्या लोकांची चौकशी कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. मी इथलीच का, बाबा कुठले, आईचं माहेर कुठलं. मी आईच्या माहेरचं आडनाव सांगितलं, कोकणातलं गाव सांगितलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मोठं गाव आहे. घरं पुष्कळ," म्हणाले. आणि मग विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?"

बरी आहे म्हटलं, आत्ता बेलग्रेव्ह रोडला भाजी आणायला गेली असेल. त्यानंतर दर मंगळवारी कोट काढायच्या आधी हाच प्रश्न. आई बऱ्या आहेत ना? मला बाई फार कौतुक वाटायचं. इथे लोक हवेबद्दल विचारतात, हे आईबद्दल विचारतात.

काकांची नोकरी पुण्याला भूमी अभिलेख खात्यात झाली होती. सातबारा, फेरफार, मोजणी यांत जन्म गेलेला. काकू गेल्यावर मुलाने इकडे आणलं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, दिवसभर लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये, आणि काका खिडकीत. मोडी वाचलेले डोळे नुसते खिडकीत बसून काय करणार? त्याच सुमारास आमच्या ऑफिसला अमेरिकेतून एका बाईंचं पत्र आलं. त्यांचा मूळपुरुष आमच्याच काउंटीतल्या एका खेड्यातून तिकडे गेलेला. मोजे विणणारा थॉमस. ओहायो नदीपलीकडे नुसतं रान होतं त्या काळात हा कुऱ्हाड घेऊन गेला, झाडं तोडली, जमीन मिळवली, गाव वसवलं. त्याची इथली बाजू कोणी शोधून देईल का, असं बाईंनी विचारलं होतं. काका म्हणाले, द्या इकडे.

आठ दिवसांत त्या थॉमसचा थॉमसराव झाला. बाईंनी तिकडच्या कागदांच्या प्रती पाठवल्या होत्या. त्यातलं जमिनीचं खरेदीखत वाचून काका लहान मुलासारखे खूश झाले. हद्द लिहिलेली होती ती अशी: पांढऱ्या ओकपासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून वीज पडलेल्या झाडापर्यंत. "अगं, ही आपली चतुःसीमा! पूर्वेस आंबा, पश्चिमेस पऱ्या! माणूस कुठेही जाऊ दे, जमीन अशीच लिहिणार." वाचनखोलीत सगळ्यांनी वळून पाहिलं. मी काउंटरवरून डोळे वटारले.

दुपारी आम्ही बाहेरच्या खोलीत जेवायचो. काकांच्या डब्यात पाकिटातलं सँडविच. हे मी घरी सांगितलं मात्र, पुढच्या मंगळवारपासून आईचा दुसरा डबा सुरू झाला. थालीपीठ, कधी घावन, दिवाळीत चकली. काका हळूहळू खायचे, चव मोजत असल्यासारखे. "उत्तम झालंय, सांगा त्यांना." आणि डबा कधी रिकामा परत दिला नाही. चमचाभर साखर, दोन खजूर, एकदा नुसत्या पेपरमिंटच्या चार गोळ्या. आई त्या गोळ्या पाहून पोट धरून हसली होती. तिने त्यांना घरी किती वेळा बोलावलं. संक्रांतीला, गणपतीत, सहज जेवायला. काकांचं काही ना काही निघायचंच. गुडघा, पाऊस, मुलाच्या ऑफिसची माणसं. आमचं घर ऑफिसपासून बसने वीस मिनिटांवर.

आता आईचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाबा तिच्या जातीचे नव्हते. लग्न केलं आणि तिला माहेरचं दार बंद झालं, ते झालंच. मी शाळेत असताना तिच्या एका मावसबहिणीने गुपचूप एक छापील पत्रक पाठवलं. घराण्याचा कुलवृत्तांत निघणार होता, म्हणजे सगळ्या शाखांची, सगळ्या माणसांची छापील वंशावळ. प्रत्येकाने आपली माहिती भरून कुलमंडळाच्या पत्त्यावर पाठवायची. आईने ते पत्रक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भरलं. आधी कच्चं, मग पक्कं. बाबांचं नाव, माझं नाव, आम्हा तिघांचा फोटो. पोस्टात टाकून आली त्या दिवशी तिने शिरा केला होता.

पुस्तक निघाल्याचं कळलं, पण आमच्याकडे आलं नाही. आई म्हणायची, छापलं असेल गं, पोस्टात गहाळ झालं असेल. बाबा गेले, तरी तिचं तेच. कोकणातल्या कुठल्याशा कपाटात एका पुस्तकात आपलं नाव आहे, लेकीचं आहे, यावर ती इतकी वर्षं उभी होती.

मी हे सगळं काकांना सांगितलं. हो, मीच सांगितलं! म्हटलं, काका, तुम्ही कागदातले किडे, असं पुस्तक कुठे दिसलं तर सांगा, आईला एकदा पाहायचंय. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "दुर्मीळ असतात अशी पुस्तकं. बघतो."

इकडे थॉमसरावांचं घोडं एका जागी अडलं होतं. बाईंच्या वंशवृक्षात लिहिलं होतं की थॉमसची पहिली बायको हॅना इंग्लंडातच तापाने वारली आणि मग त्याने तिकडे दुसरं लग्न केलं. आधार काय? तर लग्नाआधी थॉमसने स्वतः न्यायाधीशापुढे घेतलेली शपथ. काकांची दोन बोटं वर. ज्याला लग्न करायचंय तोच सांगणार पहिली मेली म्हणून? हा पुरावा झाला? वर्षभर आम्ही हॅनाच्या दफनाची नोंद शोधली. तिच्या गावात नाही, शेजारच्या गावांत नाही.

सापडली ती मला. गावातल्या गरिबांना मदत म्हणून काय काय दिलं त्याची एक वही होती. थॉमसच्या शपथेनंतर नऊ वर्षांनी त्यात एक ओळ: अमेरिकेला गेलेल्या थॉमसची बायको हॅना, हिला बुटांचा एक जोड. मी वही उचलून काकांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "घ्या. मेलेल्या बाईला बूट लागत नाहीत."

मला वाटलं उड्या मारतील. काकांनी ती ओळ तीनदा वाचली, पेन्सिल खाली ठेवली, उठले आणि कोट घालून निघून गेले. डबा तसाच राहिला. पुढचे दोन मंगळवार आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, थंडी बाधली.

तिसऱ्या मंगळवारी आले ते दुसरा पुरावा शोधायलाच. हॅनाचं दफन मिळालं, खूप वर्षांनंतरचं, म्हातारी होऊन गेली बिचारी. काकांनी बाहेरच्या खोलीत बसून बाईंना पेनाने तीन पानी पत्र लिहिलं. तुमच्या वृक्षात एका जिवंत बाईला मारलेलं आहे, कृपया दुरुस्ती करावी. मी म्हटलं, काका, दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, एवढं कशाला लावून घेता? तेव्हा ते म्हणाले, "माणूस कागदावर मारला ना, की त्याला ओरडताही येत नाही." अमेरिकेतल्या बाईंनी दोन दिवसांत दुरुस्ती केली आणि आभार मानले. मला काकांचा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन आईला पत्राची प्रत वाचून दाखवली. आई म्हणाली, माणूस देवासारखा आहे.

या फेब्रुवारीत काका गेले, झोपेतच. पंधरा दिवसांनी मुलाचा फोन आला. बाबांनी तुमच्या नावाने एक बॉक्स ठेवलाय, आणि तुमच्या आईंचा डबाही राहिलाय. मी दोन्ही घेऊन आले. बॉक्स मी गाडीतच उघडला, घरापर्यंत धीर धरवला नाही.

वर थॉमसरावांचे कागद. खाली मरून बांधणीचं जाड पुस्तक. आईच्या माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांत. पहिल्या पानावर संपादक म्हणून काकांचं नाव.

मला आधी आनंद झाला, खरं सांगते. वाटलं, शोधून ठेवलंन म्हाताऱ्याने! मग संपादक हा शब्द डोक्यात शिरला. आजोबांची शाखा काढली. मामाला दीड पान. त्याखाली एक ओळ: कन्या विजया, बालपणी निवर्तली.

विजया म्हणजे माझी आई.

त्या पानाला आजोबांच्या हातचं पत्रक टाचलेलं होतं. त्यात लिहिलं होतं, विजया आम्हांस नाही, मृत समजावी. पुन्हा वाचा. बालपणी हा शब्द आजोबांचा नव्हता. मोठेपणी मेली म्हटलं तर सासर कुठलं, काय झालं, लोक विचारणार. म्हणून संपादकांनी तो आपल्या पदरचा घातला, ओळ नीट दिसावी म्हणून. रागावलेल्या बापाचा एक शब्द, एवढा एकच पुरावा, आणि तोही सुधारून छापला.

केसाने गळा कापला हो माझा. दोन वर्षं शेजारी बसून! थॉमसला खोटारडा म्हणताना जीभ अडखळली नाही. त्या परक्या हॅनाला जिवंत करायला तीन पानं, आणि माझ्या आईला तीन शब्द नाहीत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. पुस्तक घरात असून मला म्हणाले, बघतो. मी गाडीत बसून त्या मेलेल्या माणसाला मोठमोठ्याने वाट्टेल ते बोलले. पार्किंगमधून एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, ती थांबून पाहायला लागली.

मग ठरवलं, आईला सांगायचं नाही. पुस्तक डिकीत टाकलं, कागदांखाली दडवलं. तिचं नाव पुस्तकात आहे, असंच राहू दे. घरात फक्त डबा नेला.

आईने डबा हातात घेऊन हलवला. "रिकामा नाहीये. त्यांनी कधी रिकामा दिलाय?" असं म्हणत झाकण काढलं. आत चार घड्या घातलेला एक कागद आणि एक फोटो. बाबा, आई, आणि शाळेच्या गणवेशातली मी.

तिचंच पत्रक होतं. तिचं अक्षर तिने लगेच ओळखलं. खाली काकांच्या पेन्सिलीत, माझ्याच पेन्सिलीत: पुरावा पहिला, हे पत्रक. पुरावा दुसरा, मुलगी समक्ष भेटली, आई हयात असल्याचं सांगते. तारीख आमच्या पहिल्या भेटीची. आईने कागद उलटा केला. मागे प्रत्येक मंगळवारची तारीख आणि पुढे एकच शब्द. हयात. हयात. हयात. पान भरलं होतं.

"पुस्तकात काय छापलंय?" आईने विचारलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं होतंच. मी खाली जाऊन पुस्तक आणलं.

तिने चष्मा लावून ती ओळ वाचली, बोट ठेवून वाचली. "किती बालपणी ते नाही लिहिलं," म्हणाली. मला वाटलं हसेल. तिने फोटो उचलून त्या ओळीवर ठेवला. मग म्हणाली, "मेलेल्या बाईच्या हातचं जेवले गं, दोन वर्षं. आणि वीस मिनिटांवर होते मी. एकदा येऊन बघायचं तरी."

डबा तिने घासला, पुसला आणि पालथा घालून ठेवला. पुस्तक टेबलावरच राहिलं, ते दोघींपैकी कोणीच उचललं नाही. त्या रात्री ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. माहेराबद्दल ती आता काही बोलत नाही. आधी रोज बोलायची.

मंगळवारी मी काउंटरवर बसले. काकांच्या खुर्चीवर कोणी नवीन गृहस्थ होते, त्यांनी येता येता हवेबद्दल विचारलं. आई बरी नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला 'नाही' असं उत्तर द्यायचं होतं, आणि विचारायला कोणी नव्हतं.