उजव्या हाताची कात्री

माझा धाकटा भाऊ डावरा. सगळी गल्ली त्याला डावऱ्याच म्हणायची. शाळेत गुरुजींनी हातावर पट्ट्या मारमारून त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं, घरी आईने उजव्या हाताने जेवायला लावलं. पण कात्री धरायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, "आता पुरे. कापड तरी त्याला त्याच्या हाताने कापू दे." त्यांनी लोहाराकडून खास डाव्या हाताची कात्री घडवून घेतली. पाती उलटी बसवलेली. चुकून माझ्या हातात आली की ती कापडाला कापायच्या ऐवजी चावायची आणि माझं डोकं फिरायचं.

बाबा गेल्यावर त्यांचं शिंप्याचं दुकान आम्ही दोघांनी चालवलं. तो बेतायचा, मी शिवायची. भांडण रोजचंच. तो गिऱ्हाइकाशी गप्पा छाटत बसायचा आणि मी मशीनवरून ओरडायची, की तोंडाने बाह्या लागत असत्या तर बरं झालं असतं. त्यावर तो हसायचा, आणि हसत हसत बरोबर खुणेवर कापायचा. मेल्याचा हात चुकला म्हणून कधी आठवत नाही.

लढाई सुरू झाली तसा तो भरती झाला. मी म्हटलं, "तुला बंदूक कोण देणार?" तो म्हणाला, "ताई, तिथेही गुंड्या तुटतातच की." एक लहान डावी कात्री त्याने सोबत नेली, मोठी खुंटीला टांगून ठेवली.

दुसऱ्या हिवाळ्यात सैन्याच्या कचेरीतून कारकून आला. नदीवरच्या पुलापाशी भाऊ पडला, देह सापडला नाही, असं सांगून त्याने एक पिशवी टेबलावर ठेवली. आई भिंतीला टेकून बसली. मी पिशवी उघडली. सदरा, वाटी, सुयांची डबी आणि एक कात्री. सवयीने बोटं घातली आणि पाती उघडून मिटली. टेबलावरची चिंधी सरळ कापली गेली.

कात्री उजव्या हाताची होती.

"ही माझ्या भावाची पिशवी नाही," मी म्हटलं. कारकुनाने वरची नावाची चिठ्ठी दाखवली. मी म्हटलं, चिठ्ठीचं काय सांगता? लग्नसराईत आमच्याकडे याची विजार त्याच्या पिशवीत जाते. तो बिचारा पिशवी तिथेच ठेवून निघून गेला. आईला मी बजावलं, "रडायचं नाही. जिवंत माणसासाठी रडत नाहीत." आई बरं म्हणाली.

चौकात पडलेल्या सैनिकांचा दगड बसवायचं ठरलं. पाथरवट नाव विचारायला आला, त्याला मी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. लोक समजूत घालायला यायचे. त्यांना मी दोन्ही कात्र्या काढून दाखवायची. समजूत घालणारा जाताना माझी कीव केल्यासारखी मान हलवायचा, तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा.

लढाई संपली आणि एके दुपारी एक लंगडा माणूस दुकानात आला. भावाच्या तुकडीतला आचारी. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "ताई, मी त्याला पडताना पाहिलंय."

मी कात्री त्याच्यापुढे आपटली. "मग ही कुणाची?"

"त्याचीच. पहिल्या हिवाळ्यात त्याच्या डाव्या हाताची बोटं गेली. घरी पाठवत होते, तो जाईना. म्हणाला, उजवा आहे की. महिनाभर फाटक्या पोत्यांवर हात बसवला. डावी कात्री दुसऱ्या तुकडीतल्या एका डावऱ्याला देऊन टाकली." आचाऱ्याने लंगडा पाय पुढे घेतला. "पूल पाडेपर्यंत मागे कुणीतरी राहायला हवं होतं. जखमी पलीकडे नेत होते, त्यात मी होतो. तो मागे राहिला."

माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, "कोट काढा." कोपरावर ठिगळ होतं, बोटं गेल्यावर त्यानेच लावलेलं, असं आचारी म्हणाला. टाके उलट्या अंगाने कललेले, त्याचे नव्हतेच. मी अस्तर उसवून ठिगळाची आतली बाजू पाहिली. दोरा तीनदा फिरवून, पोटात घेऊन, दुमडीखाली दडपलेला. असा शेवट बाबा करायचे. त्यांनी तो फक्त आम्हा दोघांना शिकवला होता.

त्या कोटावर डोकं टेकून मी तिथेच बसले. घरी येता आलं असतं त्याला. इतका राग मला त्याचा कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही.

मग आत गेले. आई तांदूळ निवडत होती. तिच्यापुढे बसून म्हटलं, "आई, तोच होता गं. आता रड."

तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझं डोकं मांडीवर ओढलं. "माझं झालंय रडून," ती म्हणाली. "तू दुकान उघडायला गेलीस की रडायचे. आता तू रड."

आचाऱ्याचा कोट मी दुसऱ्या दिवशी शिवून दिला, त्या ठिगळाला मात्र हात लावला नाही. मग पाथरवटाकडे स्वतः गेले. नाव सांगितलं, आणि नावाखाली 'शिंपी' कोरायला सांगितलं. तो म्हणाला, दगडावर बाकी सगळे नुसते सैनिक आहेत. मी म्हटलं, असू देत. त्याने कोरलं.

आता बेततेही मीच, त्याच उजव्या कात्रीने. डावी खुंटीला आहे. तिला मी तेल देते.