धुऊन पाठवलेल्या खपल्या

आमच्या घरातून कुठलीही वस्तू मळकी बाहेर जायची नाही, हा आईचा नियम. मला बेळगावला धाडायची कोनफळंसुद्धा ती घासून, पुसून, उन्हात ठेवून मगच पिशवीत भरायची. धुतलेली कोनफळं लवकर कुजतात हे तिला ठाऊक होतं, पण लोक काय म्हणतील हा प्रश्न त्याहून मोठा होता.

मी तेव्हा बेळगावच्या एका प्रयोगशाळेत होते. जनावरांना कातडीचे रोग करणाऱ्या जंतूंमध्ये विष तयार करणारी जनुकं आहेत का, हे आम्ही शोधायचो. त्या पावसाळ्यात गावी, नंदिगड्ड्याला, आईच्या एकुलत्या एका गाईच्या पाठीवर खपल्या धरल्या. केस चिकटून त्यांचे झुबके व्हायचे आणि ओढले की खाली लालभडक कातडी. जनावरांच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं. मी आईला एक बाटली देऊन आले आणि दोन खपल्या बसनं पाठव म्हणून सांगितलं.

बाटली उघडली तर हळदीचा आणि धुराचा वास. आईनं खपल्या कढत पाण्यात हळद घालून धुतल्या होत्या, वर चुलीवरच्या शिंक्यात सुकवल्या होत्या. शिकलेल्या माणसांच्या हातात घाण कशी द्यायची, असं तिचं म्हणणं. मी कपाळावर हात मारला आणि फोनवर भरपूर तोंडसुख घेतलं. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "गाईला माज्या हातानं झालं काय गं हे? ती माज्याबिगर कुनाला हात लावू देत न्हाई."

माझा राग तिथंच विरघळला.

जंतू काही वाढले नाहीत. वाढणार कसे, आईनं त्यांना उकडूनच पाठवलं होतं. पण मेलेल्या जंतूचंही जनुक हाती लागू शकतं, आणि विष तयार करणारंच लागलं. मी लगेच फोन केला. म्हटलं, जंतूच विषारी होता, तुझी काही चूक नाही.

हे खरं होतं, पण अर्धंच. असा जंतू बहुधा भिजलेल्या, ओरखडलेल्या कातडीतून आत शिरतो. आणि आमची आई रानातून भिजून आलेल्या गाईला रोज नारळाच्या सोडणानं खसाखसा घासायची, कारण गायसुद्धा मळकी राहिलेली तिला खपत नसे. ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

दिवाळीला गेले तेव्हा गाईच्या पाठीवर नवे केस आले होते. गोठ्यातल्या खुंटीवर सोडण दिसलं नाही. आई जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं गाईची पाठ नुसती टिपत होती. सोडण कुठं गेलं विचारलं, तर चुलीत घातलं म्हणाली.

माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "तू माजी चूक न्हाई म्हनलीस, तवाच कळलं. येरवी तू कुनाची चूक पोटात घालनारी हाईस व्हय?"

आता आई नाही, गायही नाही. दोघींची फार आठवण येते. बाजारातून माती लागलेली कोनफळं आणते, घरी येऊन घासते, पुसते, उन्हात ठेवते. लवकर कुजतात.