सुनंदिनचा शोध

सरांनी व्हाइटबोर्डवर मोठ्या अक्षरांत ‘सुनंदिन’ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मी म्हटलं, “सर, अजून कन्फर्म झालेलं नाही.”

“स्नेहल, मुलीचं बारसं बाराव्या दिवशी करतात. तिची दहावी पास होईपर्यंत थांबत नाहीत.”

सुनंदा हे सरांच्या पत्नीचं नाव; सापडलेल्या नव्या पदार्थाचं नाव त्यावरूनच. आमची लॅब हिंगण्याच्या एमआयडीसीत. औषधी वनस्पतीतला नेमका कोणता घटक काम करतो, ते शोधून देणं हा आमचा धंदा. हे काम आणलं होतं कामठीच्या बंडूभाऊंनी. त्यांचा मलमाचा छोटा कारखाना. मलमात कंबरमोडीच्या पाल्याचा अर्क. कंबरमोडी म्हणजे शेताच्या धुऱ्यावर उगवणारं साधं तण. विळा लागला की तिचा पाला चुरगळून जखमेवर लावतात. बंडूभाऊंना खोक्यावर त्यातल्या घटकाचं शास्त्रीय नाव छापायचं होतं.

“मॅडम, नाव असं पाहिजे का मेडिकलवाल्याले पहिल्या झटक्यात वाचताच नाही आलं पाहिजे.”

आम्ही वाळलेला पाला सॉल्व्हंटमध्ये भिजवतो. चहाची पत्ती पाण्यात उतरते, तसा पाला त्यात उतरतो. मग सॉल्व्हंट उडवून टाकायचं. उरतो तो काळपट अर्क, आणि त्यात पदार्थांची ही गर्दी. तो अर्क पांढऱ्या पावडरीने भरलेल्या उभ्या काचेच्या नळीत घालायचा आणि वरून सॉल्व्हंट ओतत राहायचं. काही पदार्थ भरभर उतरतात, काही रेंगाळतात. खाली टेस्ट ट्यूब बदलत राहायच्या, म्हणजे पदार्थ वेगवेगळे मिळतात.

अर्काने जंतू मरतात, हे आधीच दिसलं होतं. नळीतून सगळ्यात जास्त उतरलं ते एक स्वच्छ, बिनरंगी तेल. सरांनी सगळं श्रेय त्या तेलाला देऊन टाकलं. बंडूभाऊंना फोनही केला. त्यांनी खोक्याचं डिझाइन प्रिंटरकडे पाठवलं.

मला खटकलं ते तेलाचं औदार्य. पाला निम्मा घेतला तरी तेल तेवढंच निघायचं. शेवटी मी ब्लँक लावला. ब्लँक म्हणजे सगळी कृती तशीच करायची, फक्त पाला घालायचा नाही. नियमाने तो आधीच लावायचा असतो, पण बारशाच्या गडबडीत राहून गेला होता.

तेल आलं. तेवढंच.

सरांनी बाटली उजेडात धरली. “पाल्याशिवाय?”

“हो सर.”

“म्हणजे पाल्याचा खर्चही वाचला,” ते म्हणाले, आणि मग हळूच खुर्चीवर बसले.

मी ते तेल पदार्थाच्या तुकड्यांचं वजन मोजणाऱ्या मशीनवर तपासायला दिलं आणि रिपोर्ट आला. त्यात १४९ या आकड्यावर उंच रेघ होती. ही रेघ दिसली की आमच्या धंद्यातला माणूस कपाळाला हात लावतो. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेल घालतात, त्याची ती खूण. आता लॅबमध्ये सॉल्व्हंटला प्लास्टिक लागतं कुठे, हे शोधायचं होतं. मी सॉल्व्हंटच्या ड्रमपाशी वाकून पाहत होते, तेवढ्यात सुनंदाताईच आल्या. हातात संत्रा बर्फीचा डबा.

“काय गं, खाली काय शोधून राहिलीस?” त्यांनीही वाकून पाहिलं. ड्रममधून सॉल्व्हंट काढायला लावलेला हिरवा पाइप त्यांनी दोन बोटांनी उचलला. “अहो! हा तर आपल्या कूलरचा पाइप! मी तिकडे बाल्टीनं पाणी भरून राहिली!”

सर भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. मे महिना होता. नागपूरच्या उन्हात, त्यात सॉल्व्हंटमध्ये, पाइपातलं तेल सुटणारच. मी ताईंना हे शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं.

“म्हणजे तुम्ही माझं नाव पाइपाच्या तेलाले दिलं?”

“शोध प्राथमिक होता, सुनंदा.”

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. सरांना बर्फी मिळाली नाही. मला मिळाली.

प्रिंटरचं काम थांबवायला सरांनी बंडूभाऊंना मलाच फोन करायला लावला. बंडूभाऊ एवढंच म्हणाले, “काहून एवढी घाई केली मंग?” पाइप बदलून आम्ही पुन्हा सुरुवात केली. आधीच्या नुसत्या तेलाने एकही जंतू मेला नाही. जंतू मारत होती शेवटच्या ट्यूबांमधली चिमूटभर पिवळी पावडर. ल्युटिओलिन. कितीतरी वनस्पतींत सापडणारा, कधीचाच माहीत असलेला पदार्थ. मी बंडूभाऊंना नाव कळवलं.

“मॅडम, हे आता कोनाच्या मिसेसचं नाव हाय?”

खोकी छापली गेली. मलम चांगलं चालतं. कूलरचा पाइप ताई आल्या त्याच संध्याकाळी घरी परत जायला निघाला होता, पण ताईंनी नवाच आणायला लावला. लॅबमध्ये आता ब्लँक लागल्याशिवाय पाल्याची पिशवी उघडत नाहीत. आमच्या धंद्यात नाव ठेवायची घाई केली, की लोक नावं ठेवतात.