ईश्वरीला भुईवर सोडा

जामखेडच्या आसपासच्या वस्त्यांवर पुष्पावतींना सगळे 'अंगणवाडीच्या बाई' म्हणूनच ओळखतात. त्यांची थोरली आरती जन्मांध. पडेल, लागेल, या धास्तीनं बाईंनी तिला चार वर्षं कडेवरून खाली उतरवलंच नाही. पोर पाचव्या वर्षी चालली. आज ती संगमनेरला कॉलेजात शिकते; पण हातची गेलेली ती वर्षं बाईंना अजून सलतात. म्हणून दिसत नसलेलं तान्हं मूल कुठं आहे असं कळलं, की बाई बोलावण्याची वाट पाहत नाहीत.

वस्तीवरच्या दीपाची लेक ईश्वरी वर्षाची झाली होती. नजर येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. पोर दिवसभर आजीच्या, म्हणजे दीपाच्या सासूच्या, भीमाबाईंच्या मांडीवर मुकाट पडून असायची.

"खाली सोडा तिला," पहिल्याच भेटीत बाई म्हणाल्या.

"आंधळं लेकरू हाय बाई. भुईवर काय करंल ते?" भीमाबाई म्हणाल्या.

"मीही हेच म्हणायचे. चुकले मी."

बाईंनी गोधडी अंथरली, खुळखुळा वाजवला. ईश्वरी दचकून रडायलाच लागली. भीमाबाईंच्या कपाळावर आठ्या. बाईंनी खुळखुळा पिशवीत टाकला आणि दीपाकडून परातभर बाजरी मागवली. पोरीचा हात धरून दाण्यांत खुपसला नाही. आपला हात तिच्या हाताखाली ठेवून हळूच नेला. बोटं दाण्यांना लागली, आखडली, पुन्हा आपणहून गेली. मग ईश्वरी खुदकन हसली.

दर मंगळवारी बाई यायच्या. "वस्तू हातात कोंबू नका. वाजवा आणि थांबा. तिला शोधू द्या." हे थांबणंच भीमाबाईंना जड गेलं. दीड महिन्यानं दीपा ताक घुसळत होती, तर रवीच्या आवाजाच्या रोखानं ईश्वरी पोटावर वीतभर सरकली. भीमाबाई धावल्या, तशी दीपा ओरडली, "आत्या, थांबा! येतीय ती!"

दिवाळीनंतर दीपाचं बिऱ्हाड ऊसतोडीला गेलं, फडाशेजारी लाकडी मेढींवर उभारलेल्या पाचटाच्या कोपीत राहू लागलं. पौषात फडावरून भीमाबाईंचा फोन आला. "बाई, कोपीची मेढ धरून हुबी ऱ्हायली! दोनदा आपटली बी. पर म्या मधी पडले न्हाई."

"लई भारी! आता मेढीपासून दोन पावलांवर बसा आणि तिच्याशी बोलत ऱ्हावा."

"काय बोलू?"

"काहीपण. सुनंला बोलता, तेवढं सोडून."

भीमाबाई फोनवरच मोठ्यानं हसल्या.